फाशी नक्की होते कुणाला? वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेलो की मला फाशीची शिक्षा पटत नाही, आणि त्यावर एवढी पत्रं न् मेसेज आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्या असं संपादकांनी सांगितलं. बरेच जण चिडलेत. 'तुमच्या घरात झालं असतं तर?' असंही विचारलंय, आणि ते विचारण्यात काही चूक नाही. सगळ्यांची पत्रं घेता येणार नाहीत, जमतील तेवढी घेतो.

प्रश्न : वकीलसाहेब, महाराजांच्या काळात बाईवर हात टाकला तर चौरंगा व्हायचा, पेशवाईत हत्तीच्या पायी द्यायचे. आता खून करून वीस-वीस वर्षं सरकारी खर्चाने जेवतात. जुनं काय वाईट होतं? (एक निवृत्त एसटी कर्मचारी, सांगली)

उत्तर : काका, रांझ्याच्या पाटलाचं उदाहरण सगळेच देतात पण त्यात फाशी नाहीये हो. १६४६ चं प्रकरण ते, बाबाजी गुजर पाटलाचे हातपाय तोडले, पाटीलकी काढून घेतली, पण जीव घेतला नाही. मला त्यातलं मोठं काय वाटतं सांगू, शिक्षा झाली ती गावच्या पाटलाला. ज्याच्यासमोर गाव मान वर करत नव्हतं त्याला. आपल्याला तोडलेले हातपाय तेवढे लक्षात राहिले, तो पाटील होता हे आपण विसरून गेलो.

पेशवाईत हत्तीच्या पायी देणं, तोफेच्या तोंडी देणं, कडेलोट, सगळं होतं, खरंय. पण सगळ्यांना सारखं नव्हतं. ब्राह्मणाला आणि बाईला सहसा देहदंड देत नसत, ब्राह्मण गुन्हेगार असला की बेड्या घालून किल्ल्यावर कैदेत, आणि तेच खालच्या जातीतला असला की जीव जायचा. मनुस्मृतीत तर सरळच लिहिलंय की ब्राह्मणाला मारू नये, फार तर त्याच्या मालमत्तेसकट राज्याबाहेर घालवावा. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच पाहिजे, पण दादा त्यानंतर दहा वर्षं जगले आणि १७८३ मध्ये कोपरगावला आपल्या मरणाने गेले. उलट घाशीराम कोतवाल १७९१ मध्ये पुण्यात लोकांच्या दगडांनी मेला, कारण त्याच्या कोठडीत गुदमरून मेलेले तेलंगी ब्राह्मण होते आणि जमाव मागे हटत नव्हता. तुम्ही म्हणता तो तिथल्या तिथे न्याय होता खरा, पण तो कुणासाठी होता हेही बघा ना.

इंग्रज आले आणि कागदावर सगळे सारखे झाले. म्हणजे कसं, तर १७७५ मध्ये कलकत्त्यात महाराजा नंदकुमारला फाशी दिली, ब्राह्मण होता, आणि गुन्हा काय तर बनावट दस्तऐवज! तेव्हा इंग्लंडात दोनेकशे गुन्ह्यांना फाशी होती, चोरीमारीलासुद्धा, तोच कायदा इथे आणून लावला.

आणि एक गंमत, जी आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. आपल्या शेजारी गोव्यात साध्या फौजदारी गुन्ह्यांसाठी फाशी फार आधीच गेली होती. पोर्तुगालने १८६७ मध्ये ती रद्द केली आणि १८७० मध्ये आपल्या वसाहतींनाही तोच कायदा लावला. म्हणजे सावंतवाडीत खून केला तर फाशी आणि सीमा ओलांडून पेडण्यात केला तर नाही, असं जवळपास नव्वद वर्षं चाललं. १९६१ नंतर गोव्याला भारताचे कायदे लागू झाले, त्यांच्याबरोबर फाशीही आली. मुक्तीबरोबर ही एक भेट मिळाली म्हणायची.

प्रश्न : निर्भयाच्या चौघांना फाशी आणि शक्ती मिलच्या तिघांची हायकोर्टाने रद्द केली. दोन्ही सामूहिक बलात्कार. मग 'दुर्मिळातलं दुर्मिळ' हे ठरवतं कोण, आणि कशावरून? (पुणे)

उत्तर : तुम्ही दिलेल्या जोडीत कायद्याने फरक आहे, तो आधी सांगतो. दिल्लीतल्या मुलीचा जीव गेला. शक्ती मिलमधली मुलगी वाचली, तिथे २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने जी फाशी दिली ती 'पुन्हा तोच गुन्हा केला' या २०१३ मध्ये आलेल्या नव्या कलमाखाली होती. २०२१ मध्ये हायकोर्टाने ती मरेपर्यंत जन्मठेपेवर आणली आणि पॅरोल-फर्लो, म्हणजे मधे तात्पुरतं घरी सोडणं, काही नाही असं बजावलं. सुटले वगैरे कोणी नाहीयेत.

पण तुमची शंका खोटी नाही. आपला कायदा कसा उलटा फिरलाय बघा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी हाच नियम, आणि जज्जने फाशी दिली नाही तर का नाही दिली याची कारणं लिहायची. १९५५ मध्ये ती अट काढली. १९७३ च्या नव्या संहितेत पूर्ण उलटं झालं, जन्मठेप हा नियम आणि फाशी द्यायची तर 'विशेष कारणं' लिहा. मग १९८० मध्ये बच्चन सिंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींपुढे प्रश्न आला की फाशीच घटनाबाह्य आहे का. चौघे म्हणाले नाही, पण ती दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्येच द्या, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघा, त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. एकटे न्या. भगवती विरोधात गेले. त्यांचं म्हणणं की हे शेवटी कुठल्या जज्जसमोर केस लागली यावर ठरणार.

आणि दोनच वर्षांत हेच सुप्रीम कोर्टाच्या समोर येऊन उभं राहिलं. उत्तर प्रदेशातली केस, खून तोच, तिघांचा वाटा सारखाच, तिघांनाही फाशी. पहिल्याचं अपील एका बेंचपुढे गेलं, फेटाळलं. दुसऱ्याचं दुसऱ्या बेंचपुढे, त्याची जन्मठेप झाली. तिसऱ्याचंही फेटाळलं. मग पहिल्या आणि तिसऱ्याला एकाच दिवशी फासावर द्यायचं ठरलं, ६ ऑक्टोबर १९८१. तिसऱ्याने ऐनवेळी अर्ज केला, स्टे मिळाला, तो वाचला. पहिल्याने केला नाही, त्याला त्या दिवशी लटकवलं. आणि तेही दुसऱ्याची फाशी चार वर्षांपूर्वीच कमी झालेली असताना! पुढे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यापुढे फाशी देण्याआधी तुरुंगाधिकाऱ्याने सहआरोपींचं काय झालं ते स्वतः बघावं. ही एवढी साधी गोष्ट कळायला एक माणूस जावा लागला.

आता आमच्या सत्र न्यायालयात हे गुन्हेगाराकडे बघणं कसं होतं ते सांगतो, कारण पेपरात फक्त निकाल येतो. दोषी ठरवल्याचं वाचून झालं की जज्ज चष्म्यावरून पिंजऱ्याकडे बघून विचारतात, शिक्षेबाबत काही सांगायचंय का. कायद्याने विचारावंच लागतं. आरोपीला पाच मिनिटांपूर्वी कळलेलं असतं की आपण खुनी ठरलो, त्याचे पाय लटपटत असतात, तो हात जोडून म्हणतो साहेब, लहान पोरं आहेत, म्हातारी आई आहे, दया करा. लीगल एडचा, म्हणजे सरकारने दिलेला, वकील उठून तेच जरा शुद्ध मराठीत म्हणतो. सरकारी वकील क्रौर्यावर पंधरा मिनिटं बोलतात. स्टेनो टाइप करतो, 'आरोपीने दयेची विनंती केली'. झालं. हा पोरगा लहानपणी कुठे वाढला, शाळेत गेला का, डोक्यावर काही परिणाम आहे का, तीन वर्षं कच्च्या कैदेत कसा वागला, याचा एक कागद फायलीत नसतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्या एका केसमध्ये सांगितलं की हे सगळं खालच्या कोर्टातच गोळा करा, मानसोपचार तज्ज्ञाचा आणि जेलचा रिपोर्ट मागवा. त्याआधीच्या बेचाळीस वर्षांत ज्यांना फाशी लागली त्यांचं काय, असं मी विचारलं तर कोर्टाच्या बार रूममधले आमचे वकील मित्र म्हणतात चहा घे.

प्रश्न : माझे विद्यार्थी म्हणतात की फाशी फक्त गरिबाला होते. मला हे जरा फिल्मी वाटतं. खरं काय? (एक शिक्षिका, लातूर)

उत्तर : मॅडम, 'फक्त' म्हणणं चूक. पुण्यातलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड आठवा, १९७६-७७, दहा खून. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शाह ही चौघं कॉलेजातली मुलं, त्यांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. २०१५ मध्ये नागपूरला ज्याला फाशी दिली तो याकूब मेमन चार्टर्ड अकाउंटंट होता.

पण सगळी यादी समोर ठेवली की तुमची मुलं बरोबर ठरतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातल्या जेलमध्ये जाऊन फाशीच्या कैद्यांशी बोलून २०१६ मध्ये अहवाल काढला. ३८५ पैकी ३७३ जणांची माहिती घेतली. त्यातले चारातले तीन आर्थिकदृष्ट्या तळातले, दलित-आदिवासी-ओबीसी आणि अल्पसंख्याक मिळून ७६ टक्के, आणि २३ टक्के लोक कधी शाळेत गेलेलेच नाहीत.

का होतं असं, तर त्यात कुणी बसून कट केलेला नसतो. पैसेवाला माणूस पहिल्या दिवशी, पोलीस स्टेशनातच वकील आणतो. जबाब काय होतो, पंच कोण, ओळख परेड नियमात झाली का, हे सगळं तिथेच ठरतं. गरिबाला वकील मिळतो तो चार्जशीट आल्यावर, आणि तोवर फाइल शिजून तयार असते. साक्षीदाराला उलटतपासणीत जो प्रश्न विचारायचा राहिला तो पुढे सुप्रीम कोर्टात कितीही मोठा वकील उभा केला तरी परत विचारता येत नाही. फाशी ठरते ती तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टात, मॅडम, दिल्लीत फक्त ती तपासतात.

प्रश्न : तीन-तीन कोर्टं तपासतात, मग निर्दोष माणूस फासावर जाईलच कसा? उगाच भीती घालू नका. (नाशिक)

उत्तर : तुम्ही नाशिकचे, म्हणून नाशिकचंच सांगतो.

२००३ चा जून महिना. नाशिकजवळ शेतात झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांना मारलं, बाईवर आणि एका लहान मुलीवर बलात्कार केला. वाचले ते आई आणि एक मुलगा. गुन्हा इतका भयंकर की ऐकवत नाही. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने काय करावं? जन्मठेप झालेल्या तिघांनाही परत फाशी. म्हणजे तीन कोर्टं झाली बघा, तुम्ही म्हणता तशी, आणि शेवटच्या पायरीवर शिक्षा उलट वाढलीच. पुनर्विचार अर्जही फेटाळला.

पुढे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की फाशीच्या केसमधला पुनर्विचार अर्ज बंद खोलीत नाही, उघड्या कोर्टात ऐकायचा. त्यामुळे ही फाइल परत उघडली. आणि त्यात काय निघालं, तर त्या वाचलेल्या बाईने घटनेनंतर दोन-तीन दिवसांत पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून चार वेगळेच लोक ओळखले होते. पोलिसांच्या रेकॉर्डवरचे गुन्हेगार. तो जबाब खटल्यात आणलाच नाही, त्या चौघांचा तपासच केला नाही. ५ मार्च २०१९ ला सुप्रीम कोर्टाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं आत होते. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, म्हणजे त्याला फाशी द्यायचा प्रश्नच कायद्याने येत नव्हता. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख द्यावेत असा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख, महिन्याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि ज्याने पाच जीव घेतले ते कोण? ते सापडले नाहीत. म्हणजे त्या आईलाही न्याय मिळाला नाही. हे मला जास्त टोचतं, कारण फाशीच्या बाजूने बोलणारे कायम पीडितांचं नाव घेतात, आणि इथे सहा जणांना फाशी झालीय म्हटल्यावर खऱ्यांना शोधायची कुणाला गरजच वाटली नाही.

या सहा जणांची फाशी लांबली म्हणून ते जिवंत आहेत. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. राजस्थानातल्या एकाला १९९६ मध्ये फाशी झाली. त्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की गुन्हा बघायचा, गुन्हेगार नाही, जे बच्चन सिंगच्या बरोबर उलटं. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की तो निकाल चुकीच्या कायद्यावर होता. तोवर माणूस जाऊन तेरा वर्षं झाली होती. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून सांगितलं की अशाच चुकीच्या निकालांवर तेरा जण अजून फाशीच्या कोठडीत आहेत, त्यांना वाचवा. मी वकील म्हणून बोललो तर तुम्ही म्हणाल पोटासाठी बोलतोय, ते तर जज्ज होते.

प्रश्न : आमच्या कोल्हापूरच्या गावित बहिणींनी लेकरं पळवून मारली. सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली, राष्ट्रपतींनी दया नाकारली, तरी वाचल्या. याला न्याय म्हणायचं? लाज वाटते. (कोल्हापूर, नाव देऊ नये)

उत्तर : तुमचा राग मला समजतो आणि त्या केसमध्ये पुराव्याबद्दल मला काही शंका नाही. २००१ मध्ये सत्र न्यायालय, २००४ मध्ये हायकोर्ट, २००६ मध्ये सुप्रीम कोर्ट, सगळीकडे फाशी. म्हणजे सत्र न्यायालयाच्या निकालानंतर वरच्या कोर्टांनी आपलं काम पाच वर्षांत संपवलं, आपल्याकडे हे फास्टच म्हणायचं. त्यानंतर दयेचा अर्ज, आधी राज्यपाल मग राष्ट्रपती, आणि तो नाकारला गेला २०१४ मध्ये. जवळपास आठ वर्षं तो कागद मंत्रालय आणि दिल्लीतल्या टेबलांवरून फिरत होता. कुणी स्टे दिला नव्हता, कुणी अडवलं नव्हतं.

त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ठरवलं होतं की दयेच्या अर्जावर सरकारने विनाकारण वर्षानुवर्षं काढली तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, कारण रोज सकाळी आज नेतील का या विचाराने उठणं ही वेगळी शिक्षाच आहे जी कोर्टाने दिलेली नाही. त्या आधारावर जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने या दोघींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, आणि सरकारी यंत्रणेच्या ढिलाईवर कडक शब्दांत लिहिलं. तेव्हा लाज वाटायचीच असेल तर ज्या टेबलावर फाइल पडून होती त्याची वाटू द्या. त्या दोघी जेलमध्येच आहेत.

दहशत बसते म्हणून फाशी हवी, असंही तुम्ही खाली लिहिलंय. २००० नंतर देशात एकूण आठ जणांना फाशी झालीय : २००४ मध्ये एक, २०१२ मध्ये कसाब, २०१३ आणि २०१५ मध्ये एकेक, आणि मार्च २०२० मध्ये निर्भयाचे चौघे. एवढ्या मोठ्या देशात एवढ्याने कुणाला कसली दहशत बसणार? विधी आयोगाच्या २०१५ च्या अहवालात आकडे आहेत, १९९२ मध्ये लाख लोकांमागे ४.६ खून होत होते, २०१३ मध्ये २.७, आणि फाशा तर कमी कमीच होत गेल्या. यावरून फाशी नसली की खून कमी होतात असं मी म्हणणार नाही, पण फाशी नसली की वाढतात हेही यातून निघत नाही. तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते न्या. ए. पी. शहा, पूर्वी आपल्या मुंबई हायकोर्टातले. त्यांनी दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी सगळीकडची फाशी काढा अशी शिफारस केली. ती अजून तशीच आहे. नवीन भारतीय न्याय संहिता जुलै २०२४ पासून लागू झाली, तीतही फाशी आहेच.

प्रश्न : बाबासाहेबांचं फाशीबद्दल काय मत होतं? (चंद्रपूर)

उत्तर : विरोधात. ३ जून १९४९ ला घटना समितीत चर्चा चालली होती की फाशी झालेल्याला सुप्रीम कोर्टात अपिलाचा हक्क द्यायचा का. बाबासाहेब म्हणाले की त्यापेक्षा मी फाशीच रद्द करायच्या बाजूचा आहे. या देशातले लोक अहिंसा प्रत्यक्षात पाळत नसले तरी तत्त्व म्हणून मानतात, मग देशाने फाशी पूर्णच बंद करणं योग्य, असा त्यांचा मुद्दा. त्याच वर्षी नोव्हेंबरात गांधीजींच्या खुन्यांना अंबाल्यात फाशी झाली, आणि गांधीजींच्या मणिलाल आणि रामदास या दोन मुलांनी ती देऊ नका म्हणून विनंती केली होती. 'तुमच्या घरात झालं असतं तर' असं विचारणाऱ्यांनी एवढं वाचावं. सगळ्यांना हे जमेल असं नाही, मला जमेल का तेही मी छातीठोक सांगणार नाही.

प्रश्न : पण साहेब जन्मठेप म्हणजे शेवटी चौदा वर्षंच ना? मग बाहेर येऊन परत तेच. (बारामती)

उत्तर : नाही हो, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा वर्षं ही कमीत कमी मर्यादा आहे, म्हणजे ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष जेलमध्ये काढल्याशिवाय सरकारला सूट देऊन सोडताच येत नाही. चौदा झाली की सुटका हा हक्क नाही, अर्ज करता येतो, सरकार नाकारू शकतं. शिवाय २००८ पासून सुप्रीम कोर्टाने मधला रस्ता काढलाय, फाशी कमी करताना वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत कसलीच सूट नाही असं निकालातच लिहायचं, आणि २०१५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या बेंचने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हा अधिकार हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टालाच आहे, सत्र न्यायाधीशाला नाही. तुमच्या ओळखीतल्या ज्या केसबद्दल तुम्ही लिहिलंय तिच्या निकालाचं शेवटचं पान, जिथे शिक्षेचा आदेश असतो, ते आधी बघा, त्यात अशी वर्षं घातलीत का. घातली असतील तर चौदा वर्षांचा विचार डोक्यातून काढा, आणि नसतील तर सुटकेच्या अर्जाच्या वेळी सरकार ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच्या न्यायाधीशाचं मत मागवतं. फिर्यादीच्या घरच्यांनी त्याच वेळी लेखी हरकत द्यायची.